रोजच्या रस्त्यासाठी मिडसाइज स्पोर्ट-टूरर: इंदुरात गाडी निवडताना

दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर हात बसलाय, नोकरी मार्गी लागलीय, घरच्यांनी नाही-हो करत मान डोलावलीय आणि आता 'मोठी गाडी' घ्यायची आहे, अशा इंदूरकरांसाठी हे लिहितेय. मी या सगळ्यातून गेले आहे आणि सध्या ६५० सीसीची ट्विन सिलिंडर गाडी रोज ऑफिसला नेते. गाडी शोधायला बसलं की हाती लागणारी माहिती बहुतेक महामार्गाची असते. टॉप स्पीड किती, शंभरला किती सेकंदांत पोचते, लेहला कोण जाऊन आलं, वगैरे. लोकमान्यनगरातून सुपर कॉरिडॉरला रोज ये-जा करताना ती गाडी कशी वाटते, हे मात्र कुणी सांगत नाही.

स्पोर्ट-टूरर म्हणजे स्पोर्ट गाडीसारखं चपळ इंजिन आणि फेअरिंग (वारा अडवणारं बाहेरचं कवच), पण हँडल जरा उंच, सीट लांब, टाकी बऱ्यापैकी आणि सामान बांधायची सोय. मिडसाइज म्हणजे आपल्याकडे साधारण ४५० ते ७०० सीसी. एक्स-शोरूम किंमत चार-साडेचार लाखांपासून दहा लाखांच्या आसपास जाते.

१. आधी आपला आठवडा कागदावर मांडा

रोज किती किलोमीटर, त्यात सिग्नल किती, मागे कोण बसतं, गाडी रात्री कुठे उभी राहते आणि शहराबाहेर महिन्यातून किती वेळा जाता, एवढंच लिहा. बहुतेकांच्या कागदावर रोजचं पंधरा-वीस किलोमीटरचं शहर आणि महिन्यातून एखादा रविवार महेश्वर, मांडू किंवा ओंकारेश्वर असं निघतं. गाडी त्या आठवड्यासाठी घ्यायची. वर्षातल्या एका लांब सहलीसाठी घेतलेली गाडी उरलेले दिवस अंगावर येते.

लांबच्या सहलीच्या नकाशाबाबत एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. रतलाम-मंदसौरकडून जाणारा दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवे दुचाकींना बंद आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेही बंद आहे. पुण्याला मावशीकडे जायचं तर जुना हायवे धरावा लागतो. 'एक्सप्रेसवेवर मजा येईल' म्हणून मोठं इंजिन घेणार असाल, तर ती मजा कारवाल्यांची आहे.

२. सीसीपेक्षा टॉर्क कुठे मिळतो ते बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

शहरात आपण २० ते ६० च्या स्पीडमध्ये असतो. इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेत, फिरत असतं. त्या पट्ट्यात गाडी ओढते का, एवढाच प्रश्न. ही ओढ म्हणजे टॉर्क, तो एनएममध्ये मोजतात आणि पॉवर पीएसमध्ये. आता दोन आकडे शेजारी ठेवा. कावासाकी निन्जा ६५० दोन सिलिंडरची, म्हणजे ट्विन आहे. तिचा कमाल टॉर्क ६४ एनएमच्या आसपास आहे आणि तो ६,७०० आरपीएमला मिळतो. होंडा सीबी६५०आर चार सिलिंडरची आहे. तिचा कमाल टॉर्क जवळजवळ तेवढाच, ६३ एनएम, पण मिळतो ९,५०० आरपीएमला. पॉवर मात्र निन्जाची ६८ पीएस आणि होंडाची ९५ पीएस. कागदावर होंडा कितीतरी पुढे दिसते. पण पलासिया चौकात सिग्नल सुटल्यावर साडेनऊ हजार आरपीएमपर्यंत तुम्ही जाणार कधी? तिथे ट्विन इंजिन कमी गियरबदलात काम करून टाकतं.

चार सिलिंडरच्या गाड्या वाईट असतात असं नाही. त्यांचा आवाज आणि गुळगुळीतपणा यांना तोड नाही. फक्त त्यांचं खरं सुख वरच्या आरपीएमला आहे आणि तो पट्टा आपल्या रस्त्यांवर क्वचितच येतो. टॉप स्पीड तर विसराच. आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, बायपाससाठी नाही.

ब्रोशर हातात आला की पॉवर आणि टॉर्कच्या आकड्यापुढे '@' या चिन्हानंतर लिहिलेला आरपीएम वाचायची सवय लावा. रोजच्या वापरासाठी तो जितका कमी तितकं बरं.

३. बसून बघा, मग ढकलून बघा

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे, त्यामुळे सीटच्या उंचीवर मला बोलायचा हक्क आहे असं मी मानते. निन्जा ६५० ची सीट ७९० मिलिमीटर, होंडा एनएक्स५०० ची ८३०, ट्रायम्फ टायगर स्पोर्ट ६६० ची ८३५, व्हर्सिस ६५० ची ८४५. पण उंची हे अर्धंच उत्तर. सीट पुढे किती रुंद आहे यावर पाय जमिनीला कसे टेकतात ते ठरतं. रुंद सीटची ८०० मिलिमीटरची गाडी अरुंद सीटच्या ८३० पेक्षा उंच वाटू शकते. म्हणून रोज घालता तेच बूट घालून शोरूममध्ये जा.

बसल्यावर मनगटांकडे लक्ष द्या. हँडल खाली आणि पुढे असेल तर हायवेवर वारा छातीचा भार उचलतो. शहरात वारा नसतो, भार मनगटांवर येतो. दहा मिनिटं नुसतं बसा. सेल्समन कंटाळला तर कंटाळू दे.

मग उतरा आणि गाडी ढकला. पल्सर १५० साधारण १४८ किलोची. निन्जा ६५० आणि एनएक्स५०० प्रत्येकी १९६ किलो, टायगर स्पोर्ट २०६, व्हर्सिस २१९. चालताना हे वजन कळत नाही. कळतं ते तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर, रामबागेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दारातून मागे घेताना आणि सराफ्यात रात्री कुणीतरी आपल्या गाडीला चिकटून तीन स्कूटर लावल्या की. या गाड्यांना सहसा मेन स्टँडही नसतो, त्यामुळे गाडी जागेवर फिरवायची जुनी युक्ती इथे चालत नाही. शोरूमच्या दारात उलटी पाच-सात पावलं ढकलून बघा. तिथे दम लागला तर घरी रोज लागेल.

ग्राउंड क्लिअरन्सही इथेच विचारा. निन्जाचा १३० मिलिमीटर आहे, व्हर्सिसचा १७०, एनएक्स५०० चा १८०. आपल्या कॉलन्यांत रहिवाशांनी हौसेने घातलेले स्पीडब्रेकर कुठल्याच मापात बसत नाहीत. मागे कुणी बसलं की गाडी आणखी खाली बसते, तेव्हा ते पोटाला घासतात.

४. मागे कोण बसणार?

हा प्रश्न मुलं नेहमी शेवटी विचारतात आणि भांडण तिथेच होतं. स्पोर्ट गाडीची मागची सीट उंच, छोटी आणि उतरती असते. आईला कृष्णपुऱ्याच्या दत्तमंदिरात न्यायचं असेल आणि ती एका बाजूला पाय टाकून बसत असेल, तर निन्जाच्या जातीची गाडी बाद. टायगर स्पोर्ट, व्हर्सिस आणि एनएक्स५०० यांची मागची सीट खरोखर माणसासाठी केलेली आहे. धरायला ग्रॅब रेल आहेत का, साडी गार्ड लावून मिळतो का, हेही विचारा. घरात दुसरी स्कूटर असेल आणि आई तिच्यावर खूश असेल, तर हा मुद्दा सोडून पुढे जा.

५. मे महिना डोळ्यांपुढे ठेवा

इंदुरात मे महिन्यात पारा चाळिसावर जातो. अशा वेळी सिग्नलवर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर येते. सिलिंडर जास्त आणि फेअरिंग बंदिस्त, तर उष्णता जास्त, हा ढोबळ नियम. पंखा गरम हवा कुठे फेकतो हे गाडीनुसार बदलतं आणि ते डिसेंबरातल्या टेस्ट राइडमध्ये कळत नाही. तीच गाडी चालवणाऱ्या कुणाला तरी विचारा आणि 'गरम होते का' असं विचारू नका, सगळे 'एवढं काही नाही' म्हणतात. 'उन्हाळ्यात हाफ पँट घालून चालवशील का' असं विचारा.

६. गाड्या एकेक करून

*होंडा एनएक्स५००.* ४७१ सीसी ट्विन, ४७.५ पीएस, ४३ एनएम, १७.५ लिटरची टाकी, पुढे १९ इंची चाक. मोठी गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी आधी हीच दाखवते. दिसायला अ‍ॅडव्हेंचर गाडी आहे, पण वागते शहाण्या टूररसारखी. हँडल रुंद असल्याने मेट्रोच्या बॅरिकेडमधल्या फटीतून काढताना जपावं लागतं. थरार शोधणाऱ्याला ती सपक वाटेल. मला तो गुण वाटतो.

*कावासाकी निन्जा ६५०.* दिसायला स्पोर्ट, बसायला बऱ्यापैकी सरळ. एकट्याने चालवणाऱ्यासाठी आणि कमी उंचीच्या माणसासाठी उत्तम. टाकी १५ लिटरची. असिस्ट-स्लिपर क्लच असल्याने लीव्हर हलका आहे, राजवाड्याच्या गर्दीत त्याची किंमत कळते.

*कावासाकी व्हर्सिस ६५०.* निन्जाच्याच इंजिनचं मवाळ रूप, २१ लिटरची टाकी, वरखाली करता येणारी काच. दोघांनी सामान घेऊन महिन्यातून दोनदा बाहेर पडत असाल तर हीच घ्या. उंची कमी असेल तर नको. पायाच्या टोकांवर २१९ किलो तोलणं पावसाळ्यात महागात पडतं.

*ट्रायम्फ टायगर स्पोर्ट ६६०.* तीन सिलिंडर, २०२२ मध्ये भारतात आली तेव्हाची पॉवर ८१ पीएस. खालचा ओढा ट्विनसारखा आणि वर धावताना चार सिलिंडरची आठवण, असा दोन्हींचा मेळ. पैसे असतील तर या यादीतली सगळ्यात पूर्ण गाडी हीच. मागचा टायर १८० मिलिमीटर रुंदीचा आहे, बदलताना खिसा ओरडतो.

*एप्रिलिया आरएस ४५७.* आपल्या बारामतीत बनते, म्हणून नातेवाईक आवर्जून सुचवतात. गाडी सुरेख आहे, १७५ किलोची, पण ती स्पोर्ट जास्त आणि टूरर कमी. टाकी १३ लिटरची. वय पंचविशीच्या आत आणि पाठ ठणठणीत असेल तर खुशाल घ्या.

*होंडा सीबीआर६५०आर.* वर सांगितलेल्या सीबी६५०आरचीच फेअरिंगवाली बहीण. २०२५ पासून ई-क्लचसह मिळते, म्हणजे थांबताना-निघताना आणि गियर बदलताना लीव्हर दाबायची गरज नाही. गर्दीत हे वरदान आहे, पण आरपीएमचा मुद्दा तसाच राहतो.

बरेच जण रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० बद्दल विचारतात. ती स्पोर्ट-टूरर नाही, तिला फेअरिंगच नाही. मात्र ५२ एनएमचा टॉर्क ५,१५० आरपीएमला मिळतो, सर्व्हिस गावोगावी आहे आणि किंमत निम्म्याच्या जवळ. ९० च्या वर फारसं जात नसाल तर वाऱ्याचा त्रासही होत नाही. ती चालवून बघितल्याशिवाय दुप्पट पैसे घालू नका.

७. पैशाचा खरा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. आधी वरच्या गटाला सेस धरून ३१ टक्के होता. त्यामुळे त्या तारखेआधीच्या व्हिडिओतल्या किमती धरून बजेट मांडू नका.

इन्श्युरन्सही गटावर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला २,८०४ रुपये आणि नव्या गाडीला सक्तीचा पाच वर्षांचा एकरकमी १५,११७ रुपये, त्यावर जीएसटी वेगळा. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग यात नाही. झीरो डेप्रिसिएशन (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) पहिली तीन वर्षं तरी घ्याच, कारण उभी गाडी पडली तरी फेअरिंगचा एक तुकडा आणि इंडिकेटर मिळून मोठं बिल होतं.

कोटेशन नेहमी ऑन-रोड आणि लेखी मागा. त्यात 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' अशा नावांनी रकमा दिसल्या तर कशाच्या ते विचारा. अ‍ॅक्सेसरीचं पॅकेज सक्तीचं नसतं. इन्श्युरन्स शोरूममधूनच घेतला पाहिजे असंही नाही, बाहेरचा भाव काढून समोर ठेवला की आतला भाव हलतो.

मग चालवण्याचा खर्च. माझी गाडी शहरात लिटरला वीसच्या आसपास देते. पण पेट्रोलपेक्षा टायर, चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक पॅड यांच्या किमती आधी विचारून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्कशॉप. शोरूम इंदुरात आहे म्हणजे पार्ट इंदुरात आहेत असं नव्हे. 'क्लच केबल, एअर फिल्टर आणि पुढचे ब्रेक पॅड आत्ता शेल्फवर आहेत का' असं थेट सर्व्हिस काउंटरवर विचारा, सेल्सच्या टेबलावर नको. आठवडाभर थांबावं लागेल असं उत्तर आलं, तर रोजच्या गाडीसाठी ते मोठं 'नाही' आहे.

८. टेस्ट राइड संध्याकाळी घ्या

शोरूमवाले सकाळी अकराला बोलावतात आणि रिकाम्या रुंद रस्त्यावर नेतात. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. तुम्ही संध्याकाळी सहा-सातची वेळ मागा आणि विजयनगर ते पलासिया जाऊन या. बघायचं ते असं: दुसऱ्या गियरमध्ये २० च्या स्पीडला गाडी धक्के देते का, क्लच दाबून डावा हात दुखतो का, एका दमात यू-टर्न होतो का की पाय टेकून मागे घ्यावी लागते, आरशात आपली कोपरं दिसतात की मागची सिटी बस. दोन गाड्यांत घोळ असेल तर दोन्हींची राइड एकाच दिवशी घ्या.

९. जुनी घेत असाल, आणि तीही पुण्याची

इंदुरात या वर्गातल्या जुन्या गाड्या मोजक्या, पुण्या-मुंबईत भरपूर. नातेवाईकही तिकडेच, त्यामुळे बघायला कुणीतरी असतंच. भाव चांगला मिळतो, पण कागद नीट समजून घ्या.

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ भरून एनओसी, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, मध्य प्रदेशचा नंबर घ्यायला फॉर्म २७ आणि गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ व बँकेचं पत्र. इथला रोड टॅक्स पुन्हा भरायचा आणि महाराष्ट्रातला उरलेल्या मुदतीचा परतावा वेगळा मागायचा. हा टॅक्स धरूनच भाव करा, नाहीतर स्वस्तातली गाडी स्वस्त उरत नाही. 'एमएच नंबरवरच फिरवत राहा, कोण बघतंय' असं म्हणणारा विकणारा भेटेल. आरसी आणि इन्श्युरन्स दुसऱ्याच्या नावावर राहिले तर अपघातात क्लेम अडकतो. पैसे देण्याआधी त्या नंबरवर थकलेले ई-चलान ऑनलाइन तपासा.

गाडी बघताना, गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम असेल तर आधीच सुरू करून ठेवली आहे, थंड होईपर्यंत चहा घ्या. हँडलची टोकं, लीव्हर आणि इंजिन कव्हरवर खरवडल्याच्या खुणा, फोर्कवर तेल, चेनचे आखडलेले दुवे बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालातला २३वा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी पाच-सहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो.

१०. सोबत न्यायचे कागद

नव्या गाडीसाठी आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, ड्रायव्हिंग लायसन्स आणि इन्श्युरन्ससाठी नॉमिनीचं नाव व जन्मतारीख. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार. कर्ज असेल तर पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट. लायसन्सवर 'गियरसहित मोटारसायकल' हा वर्ग हवा. आपल्याकडे शंभर सीसीला आणि साडेसहाशे सीसीला लायसन्स एकच आहे, त्यामुळे तुम्हाला ही गाडी झेपते का, हे आरटीओ तपासत नाही.

ताबा घेताना चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः जुळवा. दोन्ही चाव्या घ्या.

११. गाडीबरोबरच घ्यायचं सामान

बजेटमधून हे पैसे आधीच बाजूला काढा: आयएसआय खूण असलेलं फुल-फेस हेल्मेट, मागच्यासाठी दुसरं, घोट्याच्या वर येणारे बूट, हवा खेळती राहील असं जाळीचं जॅकेट, ग्लोव्ह्ज. घरी पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा), चेन क्लीनर, चेन ल्यूब आणि हवेचा मीटर. मेन स्टँड नसताना पॅडॉक स्टँडशिवाय चेन साफ करणं म्हणजे थोडी पुढे ढकला, थोडी पुसा. दर ५००-६०० किलोमीटरला आणि मोठ्या पावसानंतर चेन बघायची. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, कारण पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

१२. पहिले हजार किलोमीटर

इंजिन किती आरपीएमपर्यंत न्यायचं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते पाळा. नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर निसरडे असतात, वळणावर गाडी झुकवू नका. पहिला आठवडा सकाळी लवकर निघा आणि रिकाम्या मैदानात पुढचा ब्रेक हळूहळू दाबून गाडी किती अंतरात थांबते ते बघा. एबीएस लागल्यावर लीव्हर हाताखाली थरथरतो, तेव्हा तो सोडायचा नाही.

घाटात लगेच जाऊ नका. पहिली बाहेरची फेरी उज्जैनची, सरळ रस्त्याची करा. त्यानंतर सिमरोलहून भेरूघाट, आणि मग महेश्वरकडे जायचं तर मानपूरच्या पुढे घाट उतरताना ट्रकांच्या पुढे राहू नका. तिथल्या गणपती घाटात ब्रेक फेल झालेले ट्रक मागून येऊन अपघात झालेले आहेत. उतारावर खालच्या गियरमध्ये राहा, ब्रेक तापू देऊ नका आणि मागे कुणी असेल तर निघण्याआधी मागच्या टायरची हवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे वाढवून घ्या. पहिल्या सर्व्हिसची तारीख निघायच्या आधी ठरवून टाका. हजार किलोमीटर अशा दोन-तीन फेऱ्यांत आणि ऑफिसच्या ये-जात कधी भरतात ते कळत नाही.